पैनगंगेच्या दोन काठांचा रुपया

समजा, १९३५ साल आहे. उमरखेडच्या बाजारात कापूस विकून एका शेतकऱ्याने शंभर रुपये कनवटीला लावले आणि पैनगंगा उतरून तो हदगावला सोयऱ्यांकडे निघाला. नदीला पाणी गुडघाभर. मध्ये ना भिंत, ना कुंपण. दोन्ही काठांवर तीच बोली, तीच ज्वारी, तोच कापूस. पण पलीकडच्या दुकानात त्याने रुपया टाकला की दुकानदार म्हणणार, "हा कलदार आहे, पाटील. इकडं हाली चालतो." अलीकडचा काठ इंग्रजांच्या कारभारातल्या वऱ्हाडचा, पलीकडचा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. हैदराबादची टांकसाळ वेगळी, रुपया वेगळा. सरकारी दराने शंभर कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपयांचे हाली शिक्क्यात व्हायचे ११६ रुपये, १० आणे, ८ पै.

असा तिरपागडा आकडा कुठून आला? आण्यांचा हिशेब मांडून बघा. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. म्हणजे १० आणे ८ पै हा रुपयाचा बरोबर दोन तृतीयांश. ११६ आणि वर दोन तृतीयांश, म्हणजे शंभराच्या सात-षष्ठांश. थोडक्यात, सहा कलदार म्हणजे सात हाली.

आता ही दोन नाणी काट्यावर ठेवू. कलदार रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी झाली सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी हजारात ८१८ भाग. शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं तर उत्तर येतं १.१७, आणि सातास सहाने भागलं तरी उत्तर तेच. त्या तिरपागड्या आकड्यामागे असा सरळ चांदीचा हिशेब होता. शेतकऱ्याला तो ठाऊक नसेल, पण सराफाला होता. त्या माहितीच्या जोरावरच तो दोन्ही काठांच्या रुपयांची अदलाबदल करून द्यायचा आणि मध्ये आपला बट्टा कापून घ्यायचा.

यवतमाळ, पुसद, वणी किंवा दारव्ह्याला आज कुणी नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी जुन्या नाण्यांचा छोटासा व्यापार करत असेल, तर तो त्या सराफाचाच वारसदार. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस जुनं विकतो. खरं तर तो फरक विकतो. दोन सारख्या दिसणाऱ्या नाण्यांतला जो फरक घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दिसत नाही, तो याला दिसतो. त्याचं भांडवल म्हणजे एक भिंग, एक डिजिटल काटा, दोन-चार कॅटलॉग आणि वर्षानुवर्षं मुरलेली नजर.

नजर म्हणजे नेमकं काय, हे बघायला वऱ्हाडातला सगळ्यात ओळखीचा जुना रुपया हातात घेऊ. लोक त्याला राणीछाप म्हणतात. एका बाजूला मुकुट घातलेली व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी आणि सन १८६२. असे रुपये इतके सापडतात की एका वर्षात एवढे पाडले तरी कसे, असा प्रश्न पडावा. उत्तर असं की ते एका वर्षात पाडलेच नाहीत. १८६२ पासून १८७४ पर्यंत रुपयावरचा सन बदललाच नाही, टांकसाळ तोच आकडा छापत राहिली. आधीही असंच चालायचं. चौथ्या विल्यमच्या रुपयावर १८३५ आणि तरुण व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८४० हे सन असेच वर्षानुवर्षं गोठलेले होते.

पण मुंबईच्या टांकसाळीने या गोठलेल्या सनाभोवती एक खूण पेरून ठेवली. वेलबुट्टीत, सनाच्या आसपास, बारीक ठिपके. भिंग लावून ते मोजायचे आणि त्यांवरून नाणं खरोखर कोणत्या वर्षी पडलं ते ठरवायचं, अशी संग्राहकांची रीत आहे. शंभर माणसांच्या हातांतून गेलेला रुपया स्वतःचं जन्मवर्ष ठिपक्यांत लपवून बसलेला असतो. आणि काही ठिपक्यांचे रुपये सर्रास मिळतात, काही क्वचित. तोच चेहरा, तोच सन, तेवढीच चांदी, आणि भाव मात्र वेगळा.

या ठिपक्यांची वर्षं आपल्या भागासाठी फार मोलाची आहेत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. दक्षिणेतल्या बंदरांची कोंडी झाली, अमेरिकन कापूस इंग्लंडला पोचेना, आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. कापसाचे भाव आभाळाला भिडले. त्या बदल्यात मुंबई बंदरात चांदी उतरू लागली, टांकसाळीत तिचे रुपये पडू लागले आणि ते रुपये कापसाच्या मुलखात आले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा यवतमाळ म्हणून ओळखला जात नव्हता. पुढे तो वणी जिल्हा झाला, आणि यवतमाळ हे नाव १९०५ साली मिळालं. काळ्या मातीतलं पांढरं सोनं जाऊन चांदीचं नाणं आलं, त्या व्यवहाराची पावती म्हणजे हा ठिपक्यांचा रुपया.

चांदीने परतीचा प्रवासही केला. दुसऱ्या महायुद्धात चांदीची इतकी ओढ झाली की १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. उरलेल्यात चाळीस टक्के तांबं, पाच टक्के निकेल, पाच टक्के जस्त. एवढ्यानेही भागेना, तेव्हा अमेरिकेने उसनवारीच्या करारात हिंदुस्थानला तब्बल २२ कोटी औंसांहून जास्त चांदी दिली. अट एकच, युद्ध संपल्यावर चांदी चांदीच्याच रूपात परत करायची. म्हणून १९४७ चा रुपया निकेलचा निघाला आणि निम्म्या चांदीचे रुपये परत गोळा करून, गाळून त्यांतली चांदी वेगळी काढण्यात आली. एका अमेरिकन युद्धाने आपल्याकडे चांदी धाडली आणि ऐंशी वर्षांनी दुसऱ्या युद्धाच्या उसनवारीने ती परत नेली. १९३८ चा आणि १९४७ चा रुपया शेजारी ठेवून दोन्ही टेबलावर वाजवा. एक लांबवर किणकिणत राहतो, दुसऱ्याचा आवाज बोथट.

आवाजावरून पारख ही सराफाची जुनी रीत, पण छोट्या व्यापाऱ्याकडे तिच्याहून पक्की एक कसोटी आहे आणि तिला खर्च जवळपास शून्य. काट्यावर पाण्याची वाटी ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. अस्सल कलदार रुपया साधारण १.१३ ग्रॅम दाखवतो. ११.६६ ला १.१३ ने भागा, उत्तर येतं १०.३. त्या दर्जाच्या चांदीची घनता तेवढीच असते. तांब्या-निकेलची नक्कल तेवढ्याच वजनाची असली तरी ती फुगीर असणार, कारण तिची घनता नऊच्या आत. ती १.३ ग्रॅमच्या आसपास पाणी सारते. चेहरा, सन, कडेचे दाते सगळं हुबेहूब उतरवता येतं. घनता उतरवणं फार अवघड. सिराक्यूजच्या आर्किमिडीजची ही युक्ती आज यवतमाळच्या एखाद्या बैठकीच्या खोलीत चहाच्या कपावर करून बघता येते.

रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅमच का, यालाही कारण आहे. ते बरोबर एक तोळा आहे. १८३३ साली इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि १८३५ पासून रुपया त्याच वजनाचा पाडला. यंत्रावर पाडलेला, एकसारखा रुपया घरोघरी पोचला आणि त्याबरोबर सरकारी प्रमाणित वजनही पोचलं. ऐंशी रुपये तागडीत टाकले की शेर झाला. त्याच्याआधी तोळा मोजायचा तो गुंजांनी: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. कुंपणावरच्या वेलीला येणाऱ्या, लाल अंगावर काळा ठिपका असलेल्या ९६ बिया आणि राणीचा एक रुपया, तराजूच्या दोन पारड्यांत समतोल.

हे झालं रुपये ओळखण्याचं. ते येतात कुठून? जुना वाडा पाडताना, वाटण्या होताना, आजीची पेटी उघडताना. सराफाकडे मोड म्हणून आलेल्या दागिन्यांतून. भंगारवाल्याच्या पोत्यातून ढब्बू पैसे आणि भोकाचे पैसे. हा भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला. युद्धात धातू वाचवायचा म्हणून मधलं भोक पाडलं.

पुसद, दिग्रस, दारव्ह्याच्या तांड्यांवर तर नाणी अंगाखांद्यावर नांदली. बंजारा बायकांच्या दागिन्यांत चांदीचे रुपये, पावल्या, चवल्या ओवलेल्या असत. इथे छोट्या व्यापाऱ्याला एक कडू नियम पाळावा लागतो. नाण्याला कडी डाकली की ते संग्राहकाच्या दृष्टीने संपलं. डाकेचा डाग काढता येत नाही, मग ठिपके कितीही दुर्मीळ असोत, भाव उरतो चांदीचा. पण तेच नाणं दागिना म्हणून अख्खं राहिलं, तर त्याला दुसरीच किंमत येते. गळ्यातल्या पुतळ्यांचंही असंच. पुतळी मुळात व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं. त्यावर संत मार्क उभा आहे आणि व्हेनिसचा प्रमुख गुडघे टेकून त्याच्याकडून झेंडा घेतो आहे. ते सोनं व्यापारातून इकडे आलं. मग आपल्या सोनारांनी नकला पाडल्या. नकलेची नक्कल होत होत संताच्या आणि प्रमुखाच्या नुसत्या काटकुळ्या आकृत्या उरल्या. व्हेनिसचं ते राज्य १७९७ साली बुडालं, पण आपल्याकडे पुतळ्यांची माळ अजून लग्नात घातली जाते.

आलेल्या मालाचे व्यापारी ढीग पाडतो. झिजलेले, डाकलेले रुपये चांदीच्या भावाने जाणार. चांगले राणीछाप आणि राजाछाप रुपये दिवाळीआधी लक्ष्मीपूजनासाठी हातोहात खपतात. घेणाऱ्याला सन-ठिपके नकोत, पूजेत ठेवायला खरी चांदी हवी. तिसरा ढीग लहान, भिंगाखाली बघायचा. अलीकडे चौथाही आहे, नोटांचा. नोटेच्या सहा आकडी क्रमांकात कुणाची तरी जन्मतारीख निघते, आणि दहा रुपयांची नोट फ्रेममध्ये बसून वाढदिवसाची भेट होते. या धंद्याचं मर्म इथे अगदी उघडं पडतं. कागद तोच, शाई तीच. किंमत त्याच माणसाला, ज्याला तो क्रमांक वाचता येतो.

म्हणूनच 'जितकं जुनं तितकं महाग' हा समज इथे टिकत नाही. सातवाहनांचं दोन हजार वर्षांच्या घरातलं, झिजलेलं मिश्रधातूचं नाणं काही शेकड्यांत मिळतं. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया शंभरीही न ओलांडलेला, पण त्यापुढे कित्येक पटींनी महाग. कारण त्यानंतर लगेच चांदी घटवायचं ठरलं आणि त्या सनाचे रुपये फार थोडे लोकांच्या हाती आले. १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयाची गोष्ट तर गमतीची. राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा उतरला की लोकांना तो डुक्कर वाटला. बोंब झाली, नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड नीट काढली. सोंडेची ती मिलिमीटरभर रेघ आज भाव ठरवते.

असा भाव ठरवणारी रेघ सगळ्यांना दिसत नाही, म्हणून फसवणुकीलाही इथे रान मोकळं. खेडोपाडी सापडणारं एक नाणं तांब्या-पितळेचं, एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. ते नंतर कुणीतरी बनवलेलं फुकटचं नवल आहे. त्याच्याच नावाने पुढची पायरी येते, तांदूळ ओढणारं 'राईस पुलर' नाणं, आत म्हणे इरिडियम. दाण्यांत लोखंडाचा कीस लपवलेला आणि जवळ चुंबक, एवढ्यावर लाखोंचे सौदे बुडाले आहेत. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट किंवा वैष्णोदेवीचं नाणं लाखात घेतो म्हणणारे फोनवरचे गिऱ्हाईकही त्याच गोत्रातले. ते घेत काहीच नाहीत, आधी 'कमिशन' आणि 'कर' मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने हा प्रकार इतका वाढला की ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं, आम्ही अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कुणाला नेमलेलंही नाही. खरा व्यापारी पैसे देतो, मागत नाही. एवढी एक खूणगाठ बांधली तरी पुरे.

व्यापाऱ्याला कायद्याची दोन पानंही वाचावी लागतात, आणि ती कंटाळवाणी नाहीत. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. काय सापडलं, किती, कुठे, कधी. सरकारने ते ठेवून घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यायची तरतूद त्यातच आहे. दुसरा १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांचं नाणं म्हणजे पुरावस्तू. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. ही शंभरीची रेघ दर वर्षी एक पाऊल पुढे सरकते. १९१९ चा रुपया २०१८ पर्यंत नुसता जुना रुपया होता, २०१९ मध्ये डबीत पडल्यापडल्या तो पुरावस्तू झाला.

सापडलेली जागा कळवण्याचा आग्रह कशासाठी, हे शेजारच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याने दाखवलं. १९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातल्या या गावी सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला, दीड हजारांच्या घरात. सोंड उंचावलेला हत्ती एका बाजूला, उज्जैनचं म्हणून ओळखलं जाणारं चिन्ह दुसऱ्या बाजूला. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती एकेक करून वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं समोर आली. पुराणांतल्या राजांच्या याद्यांत ही नावं नाहीत. त्या राजांचा पत्ता या गठ्ठ्यातून लागला. नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा १९०६ चा साठा तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा. नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला. एकेक नाणं घराघरांत पांगलं असतं तर हे प्रमाण कुणाला मोजता आलं असतं?

इथे छोट्या व्यापाऱ्याच्या हातात मोठ्या संग्रहालयाकडेही नसलेली एक ताकद आहे. एकटं-दुकटं नाणं पहिल्यांदा त्याच्याच टेबलावर येतं, आणि ते कुठल्या गावचं हे आणणाऱ्याला त्या घडीला ठाऊक असतं. त्याने वहीत चार रकाने आखले, तारीख, नाणं, गाव, कुठून निघालं, तर ती माहिती वाचते. एरवी पहिल्याच व्यवहारात ती पुसली जाते. चारमिनार छापाचे हाली रुपये आणि पैसे पैनगंगेच्या उत्तरेला किती आतवर सापडतात, घाटंजीपर्यंत की थेट नेरपर्यंत, हे अशा वह्यांवरून नकाशावर मांडता येईल. त्यांत आणखी एक बारकावा: चारमिनारच्या दारात 'मीम' हे अक्षर असेल तर नाणं महबूब अली खानाचं, 'ऐन' असेल तर उस्मान अलीचं. म्हणजे नकाशाला काळाचीही जोड मिळेल. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, नागपूरला अजब बंगल्याचं संग्रहालय आहे. असा हिशेब समजून घेणारी माणसं दूर नाहीत.

घरात जुनी नाणी असतील तर पथ्यं तीनच. राख, चिंच, लिंबू लावून ती चमकवू नका. काळा थर गेला की अक्षरांच्या कडा आणि निम्मा भाव त्याच्याबरोबर जातो. कडी डाकू नका. आणि ती कुणाकडून, कोणत्या गावाहून आली ते चिठ्ठीवर लिहून त्यांच्यासोबत ठेवा.

घरात एकही जुनं नाणं नसेल तरी सुरुवात करायला अडचण नाही. खिशातलं कुठलंही नाणं काढा आणि सनाच्या खाली बघा. चौकटीसारखी खूण असेल तर ते मुंबईचं. तारा असेल तर हैदराबादचं, म्हणजे कधीकाळी हाली शिक्का पाडणाऱ्या शहराचं. ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. टांकसाळी आजही नाण्यावर आपली सही करतात. यवतमाळच्या बसस्टँडवर चहाचे सुटे परत घेताना चार टांकसाळींची नाणी एका मुठीत येतात. त्यांतल्या कोणत्या सनाची, कोणत्या खुणेची पुढे कमी पडणार हे आज कुणालाच माहीत नाही. १८६५ साली कापसाचे रुपये मोजून घेणाऱ्यालाही ठिपक्यांचं पुढे काय होणार ते माहीत नव्हतं.